सांधा उघडा ठेवणारा वास्तुकार : कार्लो स्कार्पा

जुन्या इमारतीची दुरुस्ती करताना सगळ्यात अवघड जागा कोणती, असे एखाद्या मुरलेल्या गवंड्याला विचारले, तर तो बहुधा भिंतीकडे किंवा छपराकडे बोट दाखवणार नाही. नवे काम जुन्याला जिथे भिडते, ती दरज तो दाखवील. जुनी भिंत ओळंब्यात नसते, तिचे दगड एका मापाचे नसतात, आणि नवी फरशी मात्र काटकोनात कापून आलेली असते. नेहमीचा उपाय असा, की त्या फटीत सिमेंट भरायचे, वरून गिलावा करायचा आणि दोन्ही कामे जणू एकाच दिवशी झाली असे भासवायचे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीत कार्लो स्कार्पा या वास्तुकाराने नेमके याच्या उलट केले. त्यांनी ती फट उघडी ठेवली, इतकेच नव्हे तर तिला इमारतीतली सर्वांत देखणी जागा बनवले.

व्हेरोना शहरातल्या कास्तेलव्हेक्यो या किल्ल्यात, आज जिथे संग्रहालय आहे, ही गोष्ट प्रत्यक्ष दिसते. तळमजल्यावरच्या शिल्पदालनात काँक्रीटची राखाडी जमीन आहे आणि तिच्यात आडव्या, फिकट दगडी पट्ट्या बसवलेल्या आहेत. ही जमीन भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. भिंतीच्या थोडे अलीकडे ती दगडी काठ घेऊन थांबते आणि मधे एक अरुंद, खोलगट चर राहतो. पायाखालची जमीन विसाव्या शतकातली आहे आणि समोरची भिंत तिच्याहून कितीतरी जुनी आहे, हे सांगायला तिथे पाटी लावावी लागत नाही. घाटाच्या पायरीला पाणी जसे लागून असते, तसा तो चर त्या जमिनीला लागून आहे, आणि ज्याचे बालपण व्हेनिसमध्ये पाण्याचे काठ पाहण्यात गेले त्यालाच हे सुचावे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

स्कार्पा यांचा जन्म २ जून १९०६ रोजी व्हेनिसमध्ये झाला. ते लहान असतानाच कुटुंब व्हिचेंझा या गावी गेले, पण १९१९ साली आई वारल्यावर ते पुन्हा व्हेनिसला आले. तिथल्या ललित कला अकादमीतून १९२६ मध्ये त्यांनी वास्तुरेखनाची पदविका घेतली आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या वास्तुकला संस्थेत शिकवायला सुरुवात केली. ही शिक्षकी त्यांनी आयुष्यभर केली. १९७२ ते १९७४ या काळात ते त्याच संस्थेचे संचालक होते. मात्र इमारती बांधण्याची मोठी कामे हाती येण्यापूर्वी त्यांची जवळजवळ वीस वर्षे काचेच्या भट्ट्यांपाशी गेली. मुरानो बेटावरच्या काचकामासाठी त्यांनी आधी कापेल्लिन या कारखान्याकडे आणि १९३०च्या दशकाच्या आरंभापासून १९४७ पर्यंत व्हेनिनी या कारखान्याकडे भांड्यांची रेखाटने केली. त्यांनी घडवून घेतलेला ‘बात्तुतो’ हा काचेचा प्रकार आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळेल. त्या इटालियन शब्दाचा अर्थच ‘ठोकलेला’ असा आहे. तांबटाने मठारलेल्या तांब्याच्या भांड्यावर जसे ठोके उमटतात, तशी चाकावर घासून उमटवलेली बारीक खळग्यांची वीण त्या काचेच्या अंगावर असते आणि उजेड तिच्यावर घसरून न जाता थबकतो.

या काचकामाला त्यांच्या चरित्रात एक मजेदार टप्पा म्हणून बाजूला ठेवून चालत नाही. काच फुंकणारा कारागीर तयार नकाशा हातात घेऊन काम करत नाही. वितळलेला गोळा फिरत असताना काही क्षणांत निर्णय घ्यावा लागतो, आणि रेखाटन करणाऱ्याला भट्टीपाशी उभे राहून कारागिराचे ऐकावे लागते. पुढे दगड, लोखंड, लाकूड आणि गिलावा यांच्या बाबतीतही स्कार्पा यांनी हीच सवय ठेवली. व्हेनिसमधले लोहार झानोन, सुतारकाम करणारे कापोव्हिल्ला आणि अन्फोदिल्लो, चकाकता गिलावा करणारे एउजेनियो दे लुइजी ही मंडळी त्यांच्या कामात वर्षानुवर्षे असायची. नकाशा कारखान्यात जायचा, तिथून नमुना यायचा, नमुना पाहून नकाशा बदलायचा, आणि हे फेरे संपायला कधी कधी फार वेळ लागायचा.

त्यांच्या नावापुढे ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी मात्र कायद्याने कधीच लागली नाही. इटलीत वास्तुकाराचा परवाना मिळवण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागत असे आणि ती द्यायला स्कार्पा यांनी नकार दिला. त्यामुळे मोठ्या कामांच्या कागदपत्रांवर परवानाधारक सहकाऱ्याची सही लागायची आणि गिऱ्हाईक, कारागीर, विद्यार्थी सगळेच त्यांना ‘प्रोफेसोरे’ म्हणजे ‘प्राध्यापक’ म्हणायचे. वास्तुकारांच्या व्यावसायिक संघटनेने विनापरवाना व्यवसाय केल्याबद्दल त्यांना कोर्टातही खेचले. त्यातून ते निर्दोष सुटले. १९५६ मध्ये वास्तुकलेसाठीचा ओलिव्हेत्ती पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हाही ते कायद्याच्या दृष्टीने वास्तुकार नव्हतेच. व्हेनिसच्या संस्थेने त्यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरवले, पण ती त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती पडली नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. १९४५ साली युद्ध संपले तेव्हा इटलीतल्या अनेक ऐतिहासिक इमारतींवर बॉम्ब पडलेले होते आणि संग्रहालयांतल्या वस्तू सुरक्षित ठेवण्यासाठी बाहेर हलवलेल्या होत्या. हे सगळे पुन्हा उभे करायचे म्हणजे नेमके काय करायचे? एक मत असे, की जे होते ते जसेच्या तसे परत बांधावे. व्हेनिसच्या सान मार्को चौकातला घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला तेव्हा ‘होता तसा, होता तिथे’ अशी घोषणाच झाली होती आणि १९१२ मध्ये तो हुबेहूब उभाही राहिला. दुसरे मत असे, की पडझड झालेले काढून टाकावे आणि नव्या काळाचे नवे बांधावे. पहिल्यात नव्याला जुन्याचे सोंग घ्यावे लागते आणि दुसऱ्यात जुने हातचे जाते. तिसरी वाट अशी, की जुने जेवढे उरले आहे तेवढे जपावे, गरजेचे नवे काम उघडपणे नव्या पद्धतीने करावे, आणि दोन्ही एकमेकांना कुठे भेटतात ते लपवू नये. १९६४ मध्ये व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जी सनद मान्य केली, तिच्यात हेच तत्त्व आले : अपरिहार्य असलेले नवे काम मूळ रचनेपासून वेगळे ओळखता यावे आणि त्याच्यावर आपल्या काळाची खूण असावी. वाचायला हे सोपे आहे. प्रत्यक्ष भिंतीपाशी उभे राहिल्यावर ‘वेगळे ओळखू येणे’ आणि ‘विजोड दिसणे’ यांत किती थोडे अंतर आहे ते कळते, आणि स्कार्पा यांचे सारे कौशल्य त्या थोड्या अंतरात आहे.

व्हेरोनाच्या किल्ल्याचा इतिहास या दृष्टीने फार गुंतागुंतीचा आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यावर स्कालिजेर घराण्याने तो आदिजे नदीच्या काठी बांधला आणि त्याला जोडून नदीवर तटबंदीचा पूल घातला. नेपोलियनच्या काळात फ्रेंचांनी अंगणाच्या कडेने बराकी बांधल्या. १९२०च्या दशकात त्या बराकींना राजवाड्याचे रूप द्यायचे ठरले, म्हणून शहरातल्या पाडलेल्या जुन्या वाड्यांच्या गॉथिक खिडक्या आणून त्यांच्या दर्शनी भिंतीत बसवण्यात आल्या. म्हणजे खिडक्या खऱ्या, पण भिंत खोटी. १९४४च्या जानेवारीत याच किल्ल्यात फासिस्ट राजवटीने मुसोलिनीचे जावई गालेआत्सो चानो यांच्यावर खटला चालवून त्यांना देहदंडाची शिक्षा सुनावली. एप्रिल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवून दिला. हा पूल नंतर पिएरो गात्सोला यांच्या देखरेखीखाली, नदीतून काढलेले जुने सामान वापरून, होता तसा पुन्हा बांधला गेला. आणि हेच गात्सोला पुढे १९६४च्या व्हेनिस परिषदेत अग्रभागी होते. त्या पुलाला खेटून असलेल्या किल्ल्यात स्कार्पा यांनी वेगळी वाट धरली, त्यामुळे जुन्याकडे पाहण्याच्या दोन रीती तिथे एकमेकींशेजारी उभ्या आहेत.

संग्रहालयाचे संचालक लिचिस्को मागान्यातो यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कार्पा यांना बोलावले आणि मुख्य काम १९६४ पर्यंत चालले. खोट्या गॉथिक भिंतीचे काय करायचे, हा पहिला पेच होता. ती पाडली तर १९२०च्या दशकाचाही एक इतिहास जातो, आणि ठेवली तर खोटेपणा चालू राहतो. स्कार्पा यांनी ती ठेवली, पण नव्या काचा आणि त्यांच्या चौकटी तिच्या कमानींना न जुळवता भिंतीच्या मागे, स्वतंत्र आखणीने बसवल्या. चौकटींच्या उभ्याआडव्या रेषा गॉथिक कमानींच्या रेषांवर मुद्दाम येत नाहीत. त्यामुळे अंगणातून पाहणाऱ्याला ती भिंत पुढे टांगलेल्या पडद्यासारखी वाटते, आणि पडदा आहे हे एकदा कळले की फसवणूक उरत नाही. दुसरा निर्णय याहून धाडसाचा होता. बराकी जिथे मध्ययुगीन तटाला जाऊन चिकटल्या होत्या, तिथला बराकीचा शेवटचा भाग त्यांनी पाडला. दोन काळांमधे मोकळी जागा झाली, तट पुन्हा सुटा दिसू लागला, आणि खोदकामात तटातला एक बुजलेला जुना दरवाजाही सापडला.

या मोकळ्या जागेत त्यांनी कांग्रांदे देल्ला स्काला या व्हेरोनाच्या स्कालिजेर अधिपतीचा अश्वारूढ पुतळा ठेवला. कांग्रांदे १३२९ मध्ये वारला. त्याचा हा दगडी पुतळा मूळचा त्याच्या समाधीच्या माथ्यावरचा. घोड्याच्या अंगावर झूल आहे, स्वाराने शिरस्त्राण पाठीवर टाकलेले आहे आणि त्याच्या चेहऱ्यावर रुंद हसू आहे. इतका मोठा ठेवा अंगणाच्या मधोमध चौथऱ्यावर ठेवावा, असे कोणालाही वाटले असते. स्कार्पा यांनी मात्र तो वरच्या मजल्याच्या उंचीवर, तटाच्या बाजूला पुढे आलेल्या काँक्रीटच्या आधारावर, किंचित तिरका ठेवला. खालून येणाऱ्याला तो आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, एका दालनातून दुसऱ्यात जाताना तो हाताच्या अंतरावर येतो आणि त्याचे हसू स्पष्ट दिसते, पुढे गेल्यावर तो वरून दिसतो. त्याच्या डोक्यावर छपराचे थर एकाखाली एक उघडे सोडलेले आहेत. म्हणजे पूर्ण किल्ल्याची गोष्ट जिथे उसवलेली आहे, त्या उसवणीतच कांग्रांदे बसवलेला आहे. संग्रहालयाच्या मांडणीचे याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

वस्तू मांडण्याची ही दृष्टी आधीच्या कामांतून तयार झाली होती. १९४८च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, पॉल क्ले यांच्या चित्रांची मांडणी त्यांनी केली आणि पुढची दोन दशके बिएनालेशी त्यांचा संबंध राहिला. पालेर्मोमधला पंधराव्या शतकातला पालात्सो अबातेल्लिस हा वाडा युद्धात बॉम्बने पडझड झालेला होता; १९५३–५४ मध्ये त्यांनी त्याचे कलादालन केले. पोसान्यो या गावी शिल्पकार कानोव्हा यांच्या प्लास्टरच्या मूर्तींसाठी त्यांनी १९५५ ते १९५७ या काळात नवे दालन जोडले. पांढऱ्या मूर्ती उठून दिसाव्यात म्हणून मागची भिंत गडद करणे हा सर्वसामान्य नियम आहे. स्कार्पा यांनी भिंतीही पांढऱ्याच ठेवल्या आणि छताच्या कोपऱ्यांत काचेचे चौकोनी कोनाडे काढून सारे काम उजेडावर सोपवले. दिवस जसा सरकतो तसा त्या मूर्तींच्या गालांवरचा आणि खांद्यांवरचा पांढरा बदलत राहतो.

व्हेनिसमधल्या क्वेरिनी स्ताम्पालिया या संस्थेच्या सोळाव्या शतकातल्या वाड्यात सांधा होता तो इमारत आणि पाणी यांच्यातला. समुद्राला उधाण आले की व्हेनिसच्या गल्ल्यांत पाणी चढते, आणि हा तळमजला वारंवार बुडत असल्याने वापराबाहेर गेला होता. पाणी थोपवून धरायचे, हा कोणत्याही इंजिनिअरचा पहिला विचार असतो. १९६१ ते १९६३ या काळात स्कार्पा यांनी पाण्याला आत यायला दार करून दिले. कालव्याकडच्या कमानींत जाळीची फाटके बसवली. त्यांतून उधाणाचे पाणी आत शिरते आणि दगडी पायऱ्यांवर चढते. माणसांसाठी उंच काठाची दगडी वाट केली, एखादी मोठी परात ठेवावी तशी, आणि वाट व जुनी भिंत यांच्यामधून पाण्याला फिरायला चर ठेवले. व्हेरोनात ज्या चरात फक्त सावली होती, त्यात इथे खरे पाणी आहे. नेहमीच्या उधाणात पाणी ठरलेल्या मार्गाने येते आणि ओहोटीबरोबर परत जाते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी व्हेनिसमध्ये पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले, तशा प्रलयापुढे अशी रचना टिकाव धरणार नाही हे उघड आहे. पण रोजच्या पाण्याशी वैर न धरता राहता येते, एवढे तिने दाखवून दिले. मागच्या बागेतही पाणी आहे, पण ते संथपणे दगडी पन्हळीतून वाहते.

सान मार्को चौकात ओलिव्हेत्ती या टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीचे दालन त्यांनी १९५७–५८ मध्ये केले. जागा अरुंद, खोल आणि अंधारी होती. तिच्या मधोमध त्यांनी संगमरवरी जिना ठेवला, ज्याच्या पायऱ्या एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. प्रत्येक पायरी म्हणजे एक सुटी शिळा आहे, खालच्या पायऱ्या तर बाजूला इतक्या पसरतात की त्यांच्यावर वस्तू ठेवाव्यात. दोन शिळांमधल्या मोकळ्या जागेतून पलीकडचा उजेड दिसतो, म्हणून एवढा जड जिना त्या चिंचोळ्या जागेला अडवत नाही. जमिनीवर मुरानोच्या काचेचे बारीक तुकडे ओबडधोबड ओळींत बसवलेले आहेत, त्यामुळे तिच्यावर पाणी हलते आहे असा भास होतो.

त्यांचे शेवटचे मोठे काम म्हणजे त्रेव्हिझोजवळच्या सान व्हितो द’अल्तिव्होले या खेड्यातली ब्रिओन कुटुंबाची दफनभूमी. ब्रिओनवेगा या रेडिओ-टीव्ही कंपनीचे संस्थापक जुझेप्पे ब्रिओन १९६८ मध्ये वारले. त्यांच्या पत्नी ओनोरिना यांनी गावाच्या स्मशानभूमीला लागून जमीन घेतली आणि हे काम स्कार्पा यांच्याकडे सोपवले. ही जागा गावच्या स्मशानभूमीला दोन बाजूंनी वेढते. प्रवेशाच्या बोळात भिंतीला एकमेकांत गुंतलेली दोन गोल छिद्रे आहेत, एकाची कड निळ्या आणि दुसऱ्याची गुलाबी काचतुकड्यांची. त्यांतून हिरवळ दिसते. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा उंच केल्यामुळे आत उभ्या असलेल्या माणसाला कुंपणावरून शेते आणि दूरचे डोंगर दिसतात, बाहेरच्याला मात्र आतले दिसत नाही. पतिपत्नींच्या शवपेट्या एका बसक्या काँक्रीटच्या कमानीखाली आहेत आणि त्या एकमेकींकडे कललेल्या आहेत, म्हातारपणी दोघे बोलायला एकमेकांकडे वाकतात तशा. काँक्रीटच्या कडांवर साडेपाच सेंटिमीटरच्या मापाच्या पायऱ्या सर्वत्र कोरल्यासारख्या दिसतात; त्या कोरलेल्या नाहीत, सुतारांनी तसे लाकडी साचे बांधून त्यांत काँक्रीट ओतलेले आहे आणि फळ्यांच्या रेषा त्याच्यावर तशाच उमटलेल्या आहेत. तळ्यातल्या मंडपाकडे जाताना काचेचे एक दार आहे, जे उघडायला खाली, पाण्यात दाबावे लागते; दोरखंड, कप्प्या आणि वजने यांच्या जोरावर ते पुन्हा वर येते. स्मशानात मुलांनी खेळावे आणि कुत्र्यांनी बागडावे, अशी स्कार्पा यांची भावना होती.

त्यांच्या कामाबद्दलच्या तक्रारीही खऱ्या आहेत आणि त्या टाळून त्यांची ओळख पुरी होत नाही. हे काम महाग होते, संथ होते आणि त्याला ओलिव्हेत्ती किंवा ब्रिओन यांच्यासारखे धनवान व धीराचे गिऱ्हाईक लागायचे. युद्धानंतर लाखो लोकांना घरे हवी होती, त्या प्रश्नावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. साडेपाच सेंटिमीटरच्या त्या असंख्य कडांवर पाणी साचते, शेवाळ धरते आणि काँक्रीट काळे पडते, त्यामुळे ब्रिओन दफनभूमीची मोठी दुरुस्ती करावी लागली, जी २०२१ मध्ये पूर्ण झाली. सर्वांत गंभीर आक्षेप व्हेरोनाबद्दलचा आहे : मध्ययुगीन तट सुटा दिसावा म्हणून नेपोलियनच्या काळातले बांधकाम पाडले, तर कोणता काळ राहावा आणि कोणता जावा हे ठरवण्याचा अधिकार एका माणसाला कसा मिळाला? माझ्या मते या आक्षेपाला समाधानकारक उत्तर नाही. आपण काय पाडले ती जागा स्कार्पा यांनी झाकली नाही, उलट सगळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवली, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येते, आणि मला ते थोडे वाटत नाही.

जपानची वास्तुकला आणि तिथले सुतारकाम यांचे त्यांना मोठे आकर्षण होते. तिथल्याच एका प्रवासात, सेन्दाई शहरात, ते जिन्यावरून पडले आणि २८ नोव्हेंबर १९७८ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. व्हेरोनातल्या बँकेच्या इमारतीचे अर्धवट राहिलेले काम त्यांचे सहकारी आर्रिगो रूदी यांनी पुरे केले. त्यांचा देह इटलीत आणून सान व्हितो इथे पुरण्यात आला. ब्रिओन कुटुंबाची भिंत आणि गावची साधी स्मशानभूमी जिथे एकमेकींना मिळतात, त्या कोपऱ्यात त्यांची समाधी आहे. तिच्यावरची शिळा त्यांचा मुलगा तोबिया याने आखली.